पवित्र आठवड्यातली बाराची घंटा

जून महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी मी वसईतले घर सोडले. सोबत दोन बॅगा, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सामानाची पेटी आणि आईने केळीच्या सोपटात बांधून दिलेली सुकेळी होती. मी धर्मगुरू. बिशपांच्या आदेशाप्रमाणे मला त्याच आठवड्यात परभणी जिल्ह्यात, चुडावा स्टेशनपासून आत असलेल्या एका गावातल्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, ताबा घ्यायचा होता.

निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. भाऊ वाडीत पाणी सोडायला गेला होता, तो रिक्षा आल्यावर चिखलाच्या पायांनीच आला. आई ओट्यावर उभी होती. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "आपण जुने ख्रिस्ती. तिकडचे लोक तुझ्याकडे बघून शिकतील. चार माणसांत शोभेल असं वाग." वडील तेव्हा हयात नव्हते. ते असते तर वेगळे बोलले असते. नव्या वाडीत पाय ठेवला की आधी विहीर कुठे आहे ते बघावे, आपले शहाणपण मागून काढावे, असे ते म्हणत. त्या दिवशी माझ्या कानात आईचे वाक्य ताजे होते.

हे लिहितो आहे ते वसईत राहिलेल्या माझ्या माणसांसाठी आणि वसई सोडून टोरंटो, मस्कत, मेलबर्नला गेलेल्यांसाठी. दूरवर गेलेली चुलत भावंडे मला फोनवर विचारतात, तू तर महाराष्ट्रातच आहेस, तुला कसले आले स्थलांतर? सेमिनरीत जाण्यापूर्वी मी एका मराठी दैनिकाच्या वृत्तकक्षात उपसंपादक होतो. काय घडले, कोण काय म्हणाले आणि आपण स्वतः काय पाहिले, एवढेच लिहावे अशी तिथली शिस्त होती. तीच इथे पाळतो. गावाचे नाव दिलेले नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत.

वसईतल्या आमच्या देवळात रविवारी तीन मिस्सा होतात आणि तिन्हींना उशिरा येणाऱ्याला बाहेर मंडपात उभे राहावे लागते. आम्ही तिकडे चर्चला देऊळच म्हणतो. मनोरा आहे, गायनमंडळ आहे, सणाला बँड असतो. इथे पत्र्याचे छप्पर, समोर कडुनिंब आणि आत अंथरलेल्या सतरंज्या. चपला बाहेर काढायच्या. बाकडी नाहीत. पेटी, टाळ आणि मृदंग यांच्यावर ख्रिस्ताची भजने होतात, आणि भजन रंगले की प्रवचनाला वेळ उरत नाही. पहिल्या रविवारी मी वसईहून आणलेली गीते शिकवायचा प्रयत्न केला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतली. मग सायमन मास्तरांनी टाळ उचलले आणि त्यांचे त्यांचे भजन सुरू झाले.

सायमन मास्तर म्हणजे आमचे प्रचारक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, धर्मशिक्षण तेच घेतात, चर्चची किल्ली त्यांच्याकडे असते. आसपासच्या पाच-सहा गावांत विखुरलेली चाळीसेक ख्रिस्ती कुटुंबे त्यांना नावानिशी ठाऊक आहेत. गावातली बाकीची घरे हिंदू शेतकऱ्यांची, काही शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची. त्यांच्यापैकी बऱ्याच बायका आमच्या बायकांबरोबर एकाच टोळीत मजुरीला जातात.

खाण्यापिण्यातला फरक मी सुरुवातीला आईला फोनवर सांगत असे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून वसईत त्या दिवशी मासळी असायची आणि बोंबलाचे कालवण झाले की उपवास झाला असे आम्ही मानायचो. इथे मटण वर्षातून मोजके दोन-तीनदा शिजते. माझ्या पहिल्या उपवासकाळात मी वेदीवरून मांस वर्ज्य करायला सांगितले. मिस्सा संपल्यावर एका म्हाताऱ्याने विचारले, "फादर, सोडायचं म्हन्ल्यावर आदी धरावं लागतंय ना?" मास्तरांनी त्याला डोळ्याने दटावले. मी पुढच्या शुक्रवारपासून त्याऐवजी चहा सोडायला सांगितला. ते लोकांना फार जड गेले आणि त्यांनी ते काटेकोरपणे पाळले.

चर्चच्या डाव्या हाताला लोखंडी चौकटीवर घंटा आहे. सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला ती वाजते. या तिन्ही वेळा देवदूताच्या प्रार्थनेच्या आहेत. वसईतही तशीच वाजते. तिथे बाराची घंटा ऐकून जुनी माणसे वाडीत हातातले काम थांबवून क्रुसाची खूण करतात. इथे बाराची घंटा ऐकून लोक काय करतात ते मी पहिल्या नऊ महिन्यांत पाहिले नव्हते, कारण त्या वेळी मी प्रार्थना म्हणत असे.

गावातली हळद फेब्रुवारीत निघायला लागते आणि एप्रिलपर्यंत काम चालते. ट्रॅक्टरने जमीन उकरली की बायका गड्डे मोडून हळकुंडे वेगळी करतात. पुढे आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरापाशी, ती शिजवून वाळत घालतात. ऊन वाढले की काम पहाटेपासून दुपारी बारापर्यंत असते. तिथे बारा म्हणजे चर्चची घंटा. ही रीत माझ्या आधीच्या फादरांच्या काळात पडली. घंटा झाली की टोपली खाली, मग मालक समोर उभा असो की नसो. त्याबद्दल दोन्ही बाजूंची तक्रार नव्हती.

मोबाइल असताना घंटा कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला नंतर सुभद्राबाईंनी दिले. सुभद्राबाई बायकांच्या टोळीच्या मुकादम. घरी शेळ्या आहेत, धाकटी सून रेखा त्यांच्याच टोळीत कामाला जाते. त्या म्हणाल्या, "माज्या फोनात बारा वाजतेत तवा मालकाच्या फोनात पावनेबारा आसतेत. घंटीत समद्यायला एकदाच वाजतेत."

आता तिथीबद्दल. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेला येते. चंद्र एकच असल्यामुळे बहुतेक वर्षी ईस्टरआधीचा आमचा पवित्र आठवडा आणि गावातल्या मारुतीचा सप्ताह एकमेकांत अडकतात. दैनिकात असताना पंचांगाचा रकाना मी रोज तपासत होतो, तरी हे कधी लक्षात आले नव्हते. वसईत लक्षात यायचे कारणही नव्हते. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिथे गल्लीत रेडिओसुद्धा लागत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी हनुमान जयंती पवित्र आठवड्यातल्या शनिवारी आली. म्हणजे शुक्रवारी आमच्याकडे ख्रिस्ताचे मरण आणि मारुतीच्या पारावर दिवसभर भोंग्यावरून भजन. सप्ताह समितीचे अध्यक्ष नारायणराव. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हळदीचे सर्वांत मोठे रान त्यांचेच. बुधवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि शुक्रवारी दुपारी तीन ते साडेचार भोंगा बंद ठेवता येईल का, असे विचारले. बोलायचे मुद्दे मी मनाशी तयार करून गेलो होतो. त्यांतला एकही लागला नाही.

"बंद ठिवतो की. त्यात काय?" अण्णा म्हणाले. "भजन चालू ऱ्हाईल, पन बिगर भोंग्याचं. मातर शनवारी काल्याला यायाचं फादर. मागचे फादर यायचे."

मी येतो म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी मिस्सेत गौरवगीताच्या वेळी घंटा वाजली आणि नंतर बंद झाली. तेव्हापासून शनिवारी रात्रीच्या पुनरुत्थानाच्या विधीपर्यंत चर्चमध्ये घंटा वाजत नाही, हा जुना नियम आहे. ती या काळात मुकी असते असे वसईत लहान मुलांना सांगतात. तिच्याऐवजी लाकडी खटखटा वापरतात. एका फळीवर लाकडी हातोडी बसवलेली असते, फळी हलवली की ती आपटते. मी वेदीवरून हे सगळे समजावून सांगितले. ख्रिस्त कबरीत असताना घंटेने बोलू नये, असे म्हणालो. लोकांनी असे पहिल्यांदाच ऐकले होते. बाहेर पडताना दोन-तीन म्हाताऱ्यांनी घंटेच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला. एकीने आपल्या पदराची चिंधी फाडून घंटेच्या लोलकाला बांधली.

शुक्रवारी बाराला मास्तरांनी खटखटा वाजवला. तो कडुनिंबाच्या पलीकडे ऐकू गेला नसावा.

पुढचे मी पाहिलेले नाही. सुभद्राबाईंनी, अण्णांच्या सालगड्याने आणि टोळीतल्या आणखी दोघींनी सांगितलेले जुळते, म्हणून देतो. आमच्या ख्रिस्ती बायका उपवासामुळे त्या दिवशी कामाला गेल्या नव्हत्या, रानात बाकीच्या होत्या. अण्णा पारावर होते. रानात सालगडी होता आणि त्याला एकच गोष्ट माहीत होती की घंटा झाली की सुटी. ऊन डोक्यावर आले तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, बारा वाजले. सालगडी म्हणाला, घंटी कुठं झाली? त्या म्हणाल्या, वारं उलटं असंल. तो म्हणाला, मग थोडं थांबा, होईल. पारा चाळिशीच्या पुढे होता. त्या थांबल्या. किती वेळ, यावर चौघांचे चार हिशेब आहेत. घंटा होत नाही असे पाहून बायका उठायला लागल्या तेव्हा रेखा हळदीच्या ढिगाशेजारी आडवी झाली होती. तिला ट्रॅक्टरवर घालून चुडाव्याच्या दवाखान्यात नेले. सलाइन लावले. संध्याकाळी ती घरी आली, बोलत होती, पाणी पीत होती.

त्याच दिवशी दुपारी तीन ते साडेचार भोंगा बंद होता. क्रुसाचे चुंबन झाले, प्रार्थना झाल्या. पारावरून मृदंगाचा बारीक आवाज येत होता. रानातले वृत्त मला विधी संपल्यावर कळले.

दिवस मावळण्याआधी सुभद्राबाई चर्चच्या फाटकापाशी आल्या. आत या म्हटले तर आल्या नाहीत.

"फादर, घंटी कामून बंद हाय?"

मी सांगितले.

"आसं हाय व्हय." त्यांनी थोडा विचार केला. "मेल्यावर आमच्यातबी वाजवत न्हाईत. त्याचं काई न्हाई. उद्या वाजंल ना पन?"

"उद्या दुपारी नाही. उद्या रात्री वाजेल."

"रातच्याला?" त्या म्हणाल्या. "रातच्याला कोन वावरात आसतंय फादर?"

मी सालगड्याला निरोप देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "तेचं न्हाई. एकल्या अन्नाचं वावर हाय का? चार वावरात बाया हायेत. उद्या काल्याचा दिस, मालक समदे पारावर. तुमी कोनाकोनाला फोन लावणार?" मग जाता जाता वळून म्हणाल्या, "तुमचा देव परवा उटनार हाय. आमाला उद्या बाराला उटायचंय."

त्या गेल्यावर मास्तर खटखटा पुसत होते, पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. मी विचारले, आधीचे फादर या दोन दिवसांत काय करत?

"वाजवायचे की."

"शुक्रवारीसुद्धा?"

"हाव. बाराची तेवडी वाजवायचे. प्रार्थना बंद, येळ चालू, आसं म्हनायचे."

"मग तुम्ही मला सांगितलं नाहीत."

मास्तर म्हणाले, "तुमी वसईचे. चारशे वर्साचे ख्रिस्ती. मी म्हन्लं, आमचंच आतापातुर चुकत आसंल."

घंटा वाजवण्याचा पर्याय माझ्यापुढे होता. तो मी घेतला नाही, त्याचे कारण नियमाइतकेच दुसरेही होते. लोलकाला बांधलेली चिंधी अजून तिथेच होती. आदल्या संध्याकाळी वेदीवरून जे सांगितले आणि लोकांनी मनाला लावून घेतले, ते दुसऱ्या दिवशी मीच मोडले तर पुढच्या वर्षी त्यांनी काय मानायचे? दुसरीकडे, आज एक पडली होती आणि उद्याचे बारा टळले तर कोण पडेल ते सांगता येत नव्हते. हे मी मास्तरांना बोलून दाखवले.

मास्तर म्हणाले, "आपली न्हाई वाजवायची तर नगा वाजवू. गावात दुसरी हाय की."

शनिवारी सकाळी आम्ही दोघे पारावर गेलो. सूर्योदयाला मारुतीचा जन्म झाला होता, सुंठवडा वाटून झाला होता आणि काल्याच्या कीर्तनाची तयारी चालली होती. मंडपाच्या खांबावर मोठे घड्याळ टांगलेले होते. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि हा पहारा घड्याळाच्या काट्यावर बदलतो. त्या आठवड्यात गावातली सर्वांत नेमकी वेळ तिथे होती.

मी समितीपुढे विनंती मांडली. बाराला मारुतीची घंटा भोंग्यासमोर वाजवावी, म्हणजे चारही रानांत ऐकू जाईल.

मग मंडपाच्या दोऱ्या ताणणाऱ्या एका तरुणाने विचारले, "म्हंजे फादर, तुमचा देव सुटीवर, अन् ड्यूटी आमच्या मारुतीला?"

हशा झाला. मास्तरही हसले. अण्णा हसले नाहीत. आदल्या दिवशी रेखा त्यांच्याच रानात पडली होती आणि सकाळपासून लोक त्यांच्याशी जपून बोलत होते. ते म्हणाले, "मी कुटं बसवून ठिवलं त्यायला? घंटी न्हाई झाली, मंग गड्याच्या हिशोबानं बाराबी न्हाई झाले." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आतला घाम पुसला, परत घातली. मग त्या तरुणाला म्हणाले, "शनवार हाय. मारुतीची ड्यूटी आजच आसती. तू दोऱ्या वड."

अडचण दुसरीच निघाली. बाराच्या सुमाराला काल्याचे कीर्तन ऐन रंगात असते आणि ते मध्येच तोडायचे नसते. कीर्तनकार महाराज पाथरीकडून आलेले, वयस्क. ते खाटेवर बसून दूध पीत होते. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "बघू. चरन कुटं आलंय त्याच्यावर हाय."

याला होकार म्हणावे की नकार, ते परतताना आम्हा दोघांना ठरवता आले नाही. मी सालगड्याला फोन केला, तो लागला नाही. मास्तरांनी आपल्या पुतण्याला मोटारसायकलवर रानाकडे पाठवायची तयारी केली. पण चार रानांपैकी दोन ओढ्यापलीकडे होती आणि तो एकटा होता.

बाराला मी आणि मास्तर चर्चच्या अंगणात उभे होतो. मास्तरांनी खटखटा वाजवला. पारावर कीर्तन जोरात होते, महाराजांचा आवाज चढत होता, टाळकरी त्यांच्यामागे होते. आम्ही देवदूताची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. कीर्तन थांबले नाही. मास्तरांनी प्रार्थनेच्या मध्येच पुतण्याला हाताने निघायची खूण केली. त्याने गाडीला किक मारली. त्याच वेळी भोंग्यातला आवाज एकदम तुटला. टाळ थांबले. मग घंटा वाजली, पितळेची, आमच्या घंटेपेक्षा बारीक आणि जास्त टोकदार. तीन वेळा वाजली. तिच्यामागून महाराजांचा आवाज आला:

"वावरातल्या मायबहिनींनो, बारा वाजले. ज्याच्या हातात जे हाय ते खाली ठिवा. घरी या. हात-पाय धुवा अन् काला घ्यायला या. तवर आमी इथंच हाव." थोडा थांबून ते म्हणाले, "रामकृष्ण हरी," आणि तुटलेल्या चरणापासून कीर्तन पुन्हा उचलले.

पुतण्याने गाडी बंद केली.

ओढ्यापलीकडच्या रानांतल्या बायका सर्वांत आधी आल्या, कारण तिथे भोंगा वाऱ्यावर जातो. सुभद्राबाईंची टोळी नंतर आली. रेखा त्या दिवशी घरीच होती. मी ठरल्याप्रमाणे काल्याला गेलो आणि पंगतीत बसलो. वरण, भात, बुंदी होती. महाराज माझ्या समोरच्या ओळीत होते. त्यांनी मला विचारले, "तुमची कवा वाजनार?" मी म्हणालो, आज रात्री. ते म्हणाले, "वाजवा. ऐकतो."

त्या रात्री पुनरुत्थानाच्या विधीत गौरवगीताला आमची घंटा वाजली. आधी चिंधी सोडावी लागली. ज्या म्हाताऱ्या बाईंनी ती बांधली होती त्यांनीच सोडली.

पुढच्या वर्षी पवित्र आठवडा आणि सप्ताह पुन्हा एकत्र आले आणि कोणाला काही सांगावे लागले नाही. तीन ते साडेचार भोंगा बंद होता, बाराला मारुतीची घंटा वाजली. सप्ताहाच्या कार्यक्रमात बाराच्या ओळीत कीर्तन नव्हते. तिथे "सुटी" असा एक शब्द होता.

वसईत गेलो की आता लोक माझ्या बोलण्यावर हसतात. मी 'लय' म्हणतो, 'वावर' म्हणतो. घरातल्या लहान मुलांनी ते उचलले आहे. भाऊ म्हणतो, तू तिकडे शिकवायला गेला होतास ना? तिथल्या देवळात मी शेवटच्या बाकावर बसतो, आणि मांडी घालायला जागा नसल्यामुळे पाय अवघडतात. गायनमंडळाची गीते मला अजून सगळी पाठ आहेत. टाळ नाहीत हे मात्र आता कानाला कळते. परभणीला धर्मगुरूंची बैठक असते, ती संपवून परतताना पूर्णेच्या गाडीत बसलो की मी मास्तरांना फोन करतो आणि म्हणतो, "मास्तर, घरी यायलोय." हे कधीपासून म्हणायला लागलो, त्याची नोंद माझ्याकडे नाही.

तिसऱ्या वर्षी हिशेब बदलला. आदल्या वर्षी अधिक मास होऊन गेला होता, त्यामुळे चैत्री पौर्णिमा पुढे सरकली आणि आमचा ईस्टर जवळपास महिनाभर आधी आला. पवित्र आठवड्यात सप्ताह नव्हता. मंडप नव्हता, महाराज नव्हते, भोंगा समितीच्या खोलीत कुलपात होता. हळद मात्र चालू होती आणि ऊनही लवकर तापले होते. यंदाचे काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. पवित्र आठवडा ज्या दिवशी सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी मी मास्तरांना म्हणालो की आधीच्या फादरांसारखे करू, बाराची तेवढी वाजवू. मास्तरांनी ते मान्य केले नाही. लोकांना आता घंटेचे मौन कळते, ते त्यांना हवे असते, असे ते म्हणाले.

त्या आठवड्यात आई आली होती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा मराठवाड्यात आली, भाच्याबरोबर रेल्वेने. सतरंजीवर बसता येत नाही म्हणून तिच्यासाठी चर्चमध्ये खुर्ची ठेवली होती. दोन दिवस ती त्या खुर्चीवर बसली. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बायकांमध्ये बसली. टाळ कसे धरायचे ते तिला कोणीतरी दाखवले होते.

गुरुवारी दुपारी अण्णा आले. आईला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून तुमची घंटी बंद ना?"

मी हो म्हणालो. तुम्हाला कसे माहीत, असे विचारले.

"सुबद्री बसू देईल का मला घरात? सोमवारपासून सांगायलीय." ते म्हणाले, "भोंगा काडलाय. गुरवाला सांगितलंय. घड्याळ खांबाला टांगलंय. दोन दिस बाराला वाजंल. काई काळजी करू नगा." चहा घेतला आणि गेले.

आईला मी काही सांगितले नव्हते. तिच्या हिशेबात गुरुवार संध्याकाळ ते शनिवार रात्र कुठेही घंटा वाजत नाही. शुक्रवारी बाराच्या आधी ती अंगणात कडुनिंबाखाली बसली होती. मास्तरांनी खटखटा वाजवला आणि पाठोपाठ भोंग्यावरून घंटा आली, तीन वेळा. गुरवाचा आवाज आला, "बारा वाजले हो. घरी या."

आईने माझ्याकडे पाहिले. "ही कोणाची?"

"मारुतीची."

"शुभ शुक्रवारी?"

"रानातल्या बायकांसाठी वाजवतात. आपली बंद असते म्हणून."

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, पदर डोक्यावर घेतला, क्रुसाची खूण केली आणि देवदूताची प्रार्थना म्हणायला लागली. मी प्रतिसाद दिला. मास्तरांनी दिला. प्रार्थना संपली तेव्हा सुभद्राबाईंची टोळी वेशीतून आत येत होती. त्या वर्षी रेखा पुढे होती.